वाहन

काउंटरवरची बाई म्हणाली, हे घर नाही.
कायद्याच्या लेखी हे वाहन आहे,
ट्रकसारखं, बोटीच्या ट्रेलरसारखं,
आणि वाहनाला मालकीचं पत्र लागतं.
माझ्याकडे होती पावती.
कोंबडीखाद्याच्या बिलामागे रॉइस टॅकेटने लिहिलेली:
साडेसहा हजार रोख मिळाले, शेगडीसकट.
खाली सही आणि अंगठ्याएवढा ग्रीसचा डाग.

रॉइस आता फोन उचलत नाही.

एकोणीसशे सत्त्याऐंशीचं मॉडेल, चौदा फूट रुंद,
फोर्ट स्मिथच्या बाहेर, रेल्वेच्या रुळांपलीकडे
अठ्ठावीस वर्षं एकाच जागी उभं.
हलतं ते फक्त वादळात,
नाहीतर ड्रायरमध्ये जीन्स टाकल्या की.
असं हे वाहन.

नंबर शोधायला मी खाली शिरले,
कडेचा पत्रा वाकवून, टॉर्च दातांत धरून,
पोटावर सरपटत.
फुटका पाइप. कुणाची तरी लहान चप्पल.
आणि चाकं.
खरंच चाकं होती, मातीत अर्धी रुतलेली,
टायरांना भेगा, तरी गाडीला कुणीतरी जुंपेल
अशी तयारीत.
पोलादी पट्टीवरचे आकडे थुंकी लावून पुसले,
तळहातावर उतरवून घेतले.

त्या आकड्यांतून निघालं एक नाव, ओपलीन टॅकेट.
रॉइसची पहिली बायको. नऊ वर्षांपूर्वी वारली.
तिच्या नावावर कर्ज, ज्या बँकेच्या जागी आता
दातांचा दवाखाना आहे.
तिच्या नावावर सहा वर्षांचा थकलेला कर.
म्हणजे वृद्धाश्रमाच्या चादरी रात्रपाळीत धुऊन
जमवलेले पैसे मोजून मी
एका मेलेल्या बाईकडे
तिला न विचारता राहायला आले.

पार्कच्या मालकाने दारावर नोटीस चिकटवली. तीस दिवस.
घर तुझं नाही म्हणून निघ म्हणतो,
आणि निघताना घर घेऊन जा म्हणतो.
दोन्ही एकाच कागदावर.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या कोर्टाला पायरीच नाही,
व्हीलचेअरसाठी केलेला उतार आहे.
कुठल्या क्षणी चढलो ते कळतही नाही.
फुकटचा वकील टोबिन, बुटांना चिखल,
फाइल उलटी धरून म्हणाला,
वारस शोधा. सही आणा. नोटरीसमोर.

मुलगी सापडली टल्सात. रोवीना.
तीन पत्रं गेली, चौथ्या आठवड्यात तिचा फोन.
पैशाचं काही विचारलं नाही.
विचारलं, मधल्या खोलीतल्या कपाटाला
अजून तेच दार आहे का?

फोन कानाशी धरूनच गेले.
दाराच्या आतून पेन्सिलच्या रेघा,
माझ्या गुडघ्यापासून छातीपर्यंत,
तारखा, इंच, कुठे आर, कुठे डी.
वर्षभर मी त्यांच्यावर कोट टांगत होते.
डी कोण, मी विचारलं.
बराच वेळ नुसता तिच्याकडचा टीव्ही ऐकू आला.
डेल, ती म्हणाली. त्याचा पत्ता मलाही नाही.

मी बिजागऱ्या काढल्या.
शेजारच्या हेक्टरचा ट्रक मागितला,
दार दोन गोधड्यांत गुंडाळलं, आणि दोन तास
आरशात त्याच्याकडे बघत चालवत गेले.
नोटरीची फी मी भरली, पंधरा डॉलर.
तिने सही केली, मग दार उचललं,
गोधडी सोडूनही पाहिली नाही,
बगलेत मारून पार्किंगमधून चालत गेली
वाऱ्याने दोनदा भेलकांडत.
गोधड्या परत मागायचं माझ्याकडून राहिलं.

एक सही आली. डेलची बाकी आहे.
तारीख चौदाची.
कपाटाला सध्या पडदा लावलाय,
हीटर सुरू झाला की तो फुगतो.

काल हेक्टरचा पंप घेऊन पुन्हा खाली गेले.
का, ते विचारू नका.
एका टायरमध्ये हवा भरून पाहिली.
पहाटे पाळीवरून परतले,
तेव्हा अजून होती.